वेगळं काढलेलं भरीत

दर रविवारी सकाळी केतकी नारखेडे आपलं स्वयंपाकघर भरायची आणि ते काम ती नवऱ्यालाही करू देत नसे. क्षणान्न कंपनीची खोकी दाराशी येऊन पडलेली असत. ती उघडून, एकेक पाकीट पुसून ती रंगाप्रमाणे फळीवर लावायची. पिवळी न्याहारीची, हिरवी भाज्यांची, तांबडी आमटी-वरणाची, पांढरी भाताची. नाशिकच्या त्यांच्या नव्या घरात गॅसची शेगडी नव्हतीच. ओट्यावर एक ऊबपेटी होती. पाकीट आत सरकवलं की दीड मिनिटात वाफाळलेलं जेवण बाहेर. फळीलाच वजनकाटा होता, त्यामुळे काय संपत आलंय ते फळीच कंपनीला कळवून टाकायची.

कुणी मैत्रीण घरी आली की केतकी कपाटाचं दार उघडून दाखवायची. "तिघांचं पंधरा दिवसांचं जेवण आहे हे. चिरणं नाही, निवडणं नाही, भांड्यांचा ढीग नाही. आणि 'आज काय करू' हा प्रश्न तर मी सहा वर्षांत स्वतःला विचारलेला नाही."

ती नुसती गिऱ्हाईक असती तरी तिला हा अभिमान शोभला असता. पण केतकी क्षणान्नच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं नोकरीला होती आणि त्या पाकिटांतली मुख्य करामत तिच्या गटाची होती.

करामत अशी. आपण भाकरी खातो तेव्हा पिठातल्या पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तोडण्याचं काम तोंडात सुरू होतं आणि आतड्यात संपतं. ते काम विकरं करतात. क्षणान्नने ही तोडातोड पाकिटातच उरकून टाकली. शिजलेल्या अन्नात विकरं मिसळायची, पिष्ट, प्रथिनं, कोंडा, सालं सगळं बारीक तोडून घ्यायचं आणि मग त्याला पुन्हा भेंडीचा, मटकीचा, भाताच्या शिताचा पोत द्यायचा. जिभेला फरक कळत नसे. असं जेवण लहान आतड्याच्या पहिल्या हातभरातच रक्तात जिरून जाई. पोट फुगणं नाही, आंबट ढेकर नाही, दुपारची सुस्ती नाही. 'पोटाला सुट्टी' अशी जाहिरात होती आणि ती खोटी नव्हती. शहरांतली निम्मी घरं दोन-तीन वर्षांत त्या सुट्टीवर गेली.

त्या सुट्टीत मोठ्या आतड्यापर्यंत काय पोचतं, हा प्रश्न मात्र पहिल्यांदा केतकीनेच विचारला होता. तिथे शेकडो जातींचे जिवाणू राहतात. आपल्याला न पचलेला कोंडा, देठ, कडधान्यांची सालं यांवर त्यांचं पोट चालतं आणि त्या बदल्यात ते आतड्याचं अस्तर धडधाकट ठेवतात. तीन वर्षांपूर्वी तिने दोनशे स्वयंसेवकांचे आकडे काढले. तीन वर्षं फक्त पाकिटं खाणाऱ्यांच्या पोटातल्या निम्म्याहून जास्त जाती नाहीशा झाल्या होत्या. उरलेल्या, उपाशी, आतड्याचं अस्तरच कुरतडत होत्या.

ते कागद घेऊन ती सरपोतदारांच्या खोलीत गेली होती. सरपोतदार तिचे वरिष्ठ. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं नीट वाचलं.

"यातलं कुणी आजारी आहे?"

"नाही सर. पण ही माणसं परत साधं जेवण जेवली तर..."

"जेवतील कशाला?" ते हसले. "रक्त उत्तम, वजनं उत्तम. अहवालाच्या परिशिष्टात घाला हे. शेवटच्या."

तिने ते शेवटच्या परिशिष्टात घातलं आणि खाली सही केली. त्या रविवारी नेहमीसारखं कपाट भरलं. तिची मुलगी मिहिका तेव्हा पाच वर्षांची होती.

*

त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबरात मंदामावशीचा फोन आला. "भरताची वांगी निघाली व माय. तीन वर्षं झाली, तू आली नाही. पोरीले घेऊन ये."

यावलपासून तासाभरावरच्या पिंपळखेडीत मावशी एकटी राहायची. केतकीची आई गेली तेव्हा केतकी अकरा वर्षांची होती. त्यानंतरची चार वर्षं तिला मावशीनेच सांभाळलं. मावशी साठीला आली होती आणि गावच्या शाळेत बावीस वर्षं पोरांचं दुपारचं जेवण रांधत होती. गावात लग्न असो की बारसं, भरीत कुणाच्या हातचं हा प्रश्नच नसे.

केतकी, निनाद आणि मिहिका शनिवारी सकाळी पोचले. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला होता आणि त्यावर फिकट हिरवी, हातभर वांगी भाजली जात होती. चाळीसेक माणसं जेवायला यायची होती. मिहिकाने आयुष्यात पहिल्यांदा उघडा जाळ पाहिला. ती त्याच्याभोवती नाचतच राहिली.

केतकीने प्रवासाच्या पिशवीत पाकिटं आणि छोटी ऊबपेटी आणली होती. ती ते सगळं बाहेर काढत होती, तेवढ्यात मावशी आत आली.

"हे काय?"

"मिहिकाचं जेवण. तिला सवय नाही ना मावशी, म्हणून."

मावशीचा चेहरा उतरला. "माह्या घरी येऊन पिशवीतलं खाशील? मी तुमच्यासाठी भरीत वेगळं काढलं. मिरची कमी घातली, पोरीले झोंबू नये म्हणून."

केतकीच्या डोळ्यांसमोर ते शेवटचं परिशिष्ट आलं. तिसरं पान, वरून दुसरा तक्ता. ते मावशीला सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? आपण काय विकतो, आपलंच पोर काय खातं, हे त्या चुलीपाशी उभं राहून सांगायचं? एका जेवणाने काय होणार आहे, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पाकिटं परत पिशवीत टाकली.

तिघंही पोटभर जेवले. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, ताक. मिहिकाने दोनदा भरीत मागून घेतलं तेव्हा मावशीला किती आनंद झाला ते सगळ्या पंगतीने पाहिलं.

चार वाजता मिहिका पोट धरून खाली बसली. पाच वाजेपर्यंत तिला उभं राहता येईना. निनादला आणि केतकीलाही कळा सुरू झाल्या, पण पोरीचं काही वेगळंच होतं. अंग तापलं, जुलाबात रक्त दिसलं. गावातल्या एकाने गाडी काढली आणि सगळे जळगावच्या दवाखान्यात पोचले. मावशी मागच्या सीटवर मिहिकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"काय खाल्लं होतं?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

"भरीत," निनाद म्हणाला.

"अजून कुणाला त्रास?"

कुणालाच नव्हता. चाळीस माणसं जेवली होती आणि आजारी पडले होते फक्त हे तिघं. वेगळ्या पातेल्यातलं खाल्लेले.

निनाद मुळात भांडखोर माणूस नव्हता. पण पोरीच्या हाताला सुई लागताना त्याने पाहिलं होतं. तो मावशीकडे वळला. "कुठल्या भांड्यात केलं होतं तुम्ही ते? धुतलं होतं का नीट? काय पडलं होतं त्यात?"

"जावईबापू, मी सकाळीच घासलं..." मावशीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "वांगी तर तीच होती. तेल तेच. मले सांगा, माह्यं काय चुकलं?"

केतकी शेजारच्या खाटेवर सलाइन लावून पडली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. दारात गावातली चार माणसं उभी होती, तीही ऐकत होती. मावशीने तिच्याकडे पाहिलं. दुसरीकडे पाहायला तिला कुणी नव्हतंच.

एवढंच बोलायला हवं होतं की मावशीचं काही चुकलेलं नाही. एका श्वासात बोलून झालं असतं. केतकीने डोळे मिटून घेतले आणि ग्लानी आल्यासारखी पडून राहिली.

*

मिहिकाला नाशिकला हलवलं. ताप उतरायचा आणि परत चढायचा. पोटात काही टिकत नव्हतं. पाकिटातलं पातळ वरणसुद्धा आता चालेना, कारण अस्तराला सूज आली होती. दहाव्या दिवशी डॉ. इनामदारांनी केतकीला आणि निनादला आपल्या खोलीत बोलावलं. इनामदारबाई मुलांच्या पोटाच्या विकारांच्या डॉक्टर. मोजकं बोलणाऱ्या.

"विषबाधा नाही ही," त्या म्हणाल्या. "तसला एकही जंतू सापडला नाही. उलट, असायला हवेत तेच जंतू नाहीत. या वयाच्या मुलीच्या आतड्यात तीनशेच्या वर जाती असतात. हिच्यात एकेचाळीस आहेत. त्या एकेचाळिसांवर अचानक एवढा कोंडा, एवढी सालं येऊन पडली. त्यांनी ते भलतंच आंबवलं. आतून अस्तर आधीच पातळ होतं, ते सोलून निघालं." त्यांनी केतकीकडे पाहिलं. "घरी काय खाता तुम्ही?"

"सगळंच," केतकी म्हणाली. "म्हणजे... पाकिटंही असतात."

इनामदारबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "हे जिवाणू औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. मिळतात ते चार-सहा जातींचे, त्याने भागणार नाही. सगळी वस्तीच्या वस्ती आणावी लागते. निरोगी माणसाचं शौच घ्यायचं, त्यातले जिवाणू गाळून वेगळे करायचे आणि नळीने हिच्या आतड्यात सोडायचे. जुना उपाय आहे, चांगला लागू पडतो. शक्यतो रक्ताचं माणूस घेतो आम्ही."

"माझं घ्या," निनाद लगेच म्हणाला.

"तुमचं तपासलं. दोघांचंही." बाईंनी दोन कागद पुढे सरकवले. "तुमच्याकडे देण्यासारखं काही नाही. आमच्या साठ्यातले दातेसुद्धा आता बाद होत चाललेत, शहरात कुणाला विचारावं तेच कळत नाही. तुमच्या नात्यात असं कुणी आहे का, की ज्यांनी जन्मभर घरचं ताजं खाल्लंय? ज्वारी, कडधान्यं, पालेभाज्या? औषधं फारशी घेतली नाहीत?"

निनादने केतकीकडे पाहिलं. तसं एकच माणूस होतं.

दोन दिवसांपूर्वीच पिंपळखेडीच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, बऱ्हाटेबाई, यांचा फोन येऊन गेला होता. मिहिकाची चौकशी करून झाल्यावर त्या जरा घुटमळल्या होत्या. "मंदाताईंनी शाळेचा स्वयंपाक सोडला. पालकांमध्ये कुजबुज होती, पण मी काही त्यांना काढलं नव्हतं हं. त्याच किल्ली ठेवून गेल्या. म्हणाल्या, पोराच्या पोटाशी खेळ नको." केतकीने 'अच्छा' म्हणून फोन ठेवला होता.

आता तोच फोन हातात घेऊन ती दवाखान्याच्या जिन्यात उभी राहिली. काय मागायचंय ते शब्दांत सांगताना तिची जीभ अडखळली. मावशीने दोनदा विचारलं, "काय म्हणते? काय लागते?"

तिसऱ्यांदा केतकीने सरळ शब्दात सांगितलं.

मग मावशी म्हणाली, "दुपारच्या गाडीने निघते."

*

मावशीला दोन दिवस तपासत होते. रक्त, थुंकी, काडीने घेतलेला आतड्याचा नमुना, सगळं. इनामदारबाईंच्या हाताखालच्या मुलीने निकाल वाचला आणि ती पळतच बाईंना दाखवायला गेली. चारशे बारा जाती. त्यांच्या दवाखान्यात एवढा आकडा गेल्या चार वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

डबा हातात दिल्यावर मात्र मावशी लाजेने लाल झाली. जन्मभर जी गोष्ट दार लावून, पाणी ओतून विसरायची, ती झाकण लावून एका परक्या पोरीच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी तिला काही जमलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती डबा पदराखाली धरून बाहेर आली, कुणाच्या नजरेला नजर न देता तो खिडकीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बाकावर बसली.

केतकी तिच्याशेजारी जाऊन बसली. मावशी हळूच म्हणाली, "लाज कसली त्यात. पोरीले मीच पाडलं, मीच उठवलं पाहिजे. देवानं फेडायची सोय तरी ठेवली."

आत्ता सांगून टाकायचं, असं केतकी मनात म्हणाली. तेवढ्यात आतून हाक आली आणि ती उठून गेली. हाक आली नसती तरी ती बोलली असती का, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

तीन वेळा ते जिवाणू मिहिकाच्या पोटात सोडले. पहिल्या खेपेनंतर सहाव्या दिवशी ताप गेला तो परत आला नाही. दहाव्या दिवशी तिने भूक लागली म्हणून सांगितलं. इनामदारबाई म्हणाल्या, "आता नवी वस्ती जगवायची. तांदळाची पेज द्या, मग मुगाचं पाणी, मग हळूहळू सालासकट मूग. घरी शिजवलेलं. पाकीट नको, एकसुद्धा."

मिहिकाला घरी आणलं त्या सकाळी मावशी पेज करायला स्वयंपाकघरात गेली. केतकी मागोमाग गेली तेव्हा मावशी ओट्यापाशी नुसती उभी होती. शेगडी नव्हती. पातेलं नव्हतं. पळी नव्हती. मावशीने एक कपाट उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. पिवळ्या, हिरव्या, तांबड्या, पांढऱ्या रांगा. केतकीने हाताने पुसून लावलेल्या.

"तांदूळ कुठे आहेत व?"

"नाहीत," केतकी म्हणाली.

मावशीला हसू आलं. वाईट न वाटून घेता आलेलं हसू. ती शेजारच्या घरात गेली आणि विजेची शेगडी, एक स्टीलचं पातेलं आणि वाटीभर तांदूळ मागून घेऊन आली. पेज चढवली. ढवळता ढवळता म्हणाली, "डॉक्टरीण मले म्हणे, आजी, तुमच्यामुळे वाचली. माह्या जिवाले बरं वाटलं. आता त्या भरताचं ओझं जरा कमी झालं बघ."

केतकी ओट्याला टेकून उभी होती. तिला बसावंसं वाटलं पण ती बसली नाही.

"भरताने काही झालं नव्हतं, मावशी."

मावशी ढवळत राहिली.

"या पाकिटांनी झालं. ही खाऊन खाऊन आमच्या पोटात काही उरलंच नव्हतं. साधं जेवण सोसलं नाही. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लं असतं तरी हेच झालं असतं. आणि हे मला माहीत होतं. मीच शोधून काढलं होतं तीन वर्षांपूर्वी. कुणाला कळू नये अशा जागी लिहून ठेवलं आणि सही केली."

मावशीने शेगडी बंद केली. पदराने पातेलं धरून खाली उतरवलं, त्यावर ताटली झाकली. मग वळली.

"त्या दिवशी माहीत होतं? जावईबापू मले बोलत होते तेव्हा?"

"हो."

"तू झोपली नव्हती?"

"नव्हते."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी केतकीने खोटं बोलल्यावर ती अशीच बघायची, पण तेव्हा त्या बघण्याच्या शेवटी एक धपाटा असायचा आणि सगळं संपायचं. आता काही संपलं नाही.

"मी त्या पातेल्याले तीनदा घासलं," मावशी म्हणाली. "राखेनं, मग चिंचेनं, मग परत राखेनं. शेवटी नेऊन विहिरीपल्याड फेकून दिलं. माह्या सासूचं होतं ते. रोज सकाळी उठली की पहिला विचार येते, माह्या हाताले काय झालं असेल? शाळेतल्या पोरायले मी बावीस वर्षं घातलं, त्यातलं कोणतं पोर कधी माह्यामुळे आजारी पडलं असेल आन मले कळलंच नसेल?"

"मावशी, मला..."

"थांब. पेज निवते."

तिने वाटीत पेज काढली, मिहिकाजवळ जाऊन बसली आणि चमच्याने फुंकर घालून भरवली. मिहिकाशी ती हसून बोलत होती. केतकी दाराच्या चौकटीत उभी होती. आतही जाववेना आणि तिथून हलवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने पिशवी भरली. निनादला सगळं सांगून झालं होतं. तो मावशीच्या पाया पडला आणि उठलाच नाही बराच वेळ. मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केतकीला ती दाराशी एवढंच म्हणाली, "मले एकटीले सांगून काय होते? मले तर सांगितलं. गावाले कोण सांगेल?"

*

कंपनीचं काम त्या मानाने सोपं निघालं. केतकीने शेवटचं परिशिष्ट, मूळ तक्ते आणि मिहिकाचे कागद एकत्र केले आणि अन्नपरवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे स्वतःच्या नावानिशी पाठवले. एक प्रत इनामदारबाईंना दिली, एक सरपोतदारांना. सरपोतदारांनी फोन करून विचारलं, "सही तुमचीही आहे ना त्यावर?"

"हो," ती म्हणाली. "तेच लिहिलंय पहिल्या ओळीत."

त्याच दुपारी तिला प्रयोगशाळेतून निघायला सांगितलं. निघताना तिला वाईट वाटलं नाही. धाडस केल्याचा एक हलका आनंदसुद्धा झाला आणि झाला म्हणून तिची तिलाच शरम वाटली. मावशीने हे सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते वेगळं.

पिंपळखेडीला जायला तिने आणखी नऊ दिवस लावले. पालकांची सभा शनिवारी सकाळी होती. बऱ्हाटेबाईंनी तिला पुढे उभं केलं. वर्गात सत्तर-ऐंशी माणसं सतरंजीवर बसली होती. दवाखान्याच्या दारात उभे असलेले चारही जण त्यांत होते. मावशी आली नव्हती.

केतकीने कागद आणला होता, पण तो तिने उघडला नाही. तिने सांगितलं की भरीत चांगलं होतं. पातेलं स्वच्छ होतं. आजारपण आम्ही घरूनच पोटात घेऊन आलो होतो. मला ते ठाऊक होतं आणि माझ्या मावशीवर आळ येत होता तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. हे शेवटचं वाक्य ती प्रवासभर घोकत आली होती आणि तरी ते म्हणताना तिचा आवाज फाटला.

मागून एक तरुण बाई उठली. कडेवर वर्षाचं मूल होतं. "ती पाकिटं आमच्या दुकानातबी येतात आता," ती म्हणाली. "मी वावरात जाते, मले वेळ नसते. याले मी तेच घालते. दिवसातून दोनदा. याचं काय व्हईल?"

केतकीला वाटलं होतं की लोक रागावतील. त्याची तयारी तिने केली होती. या प्रश्नाची केली नव्हती. ती लोकांमधून वाट काढत त्या बाईपाशी गेली आणि म्हणाली, "आजपासून एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा. मी बसून लिहून देते कसं ते. याचं अजून नीट होईल, फार दिवस झाले नाहीत." मग तिला पुढचंही म्हणावं लागलं. "मी हे तीन वर्षांपूर्वी बोलले असते तर ती पाकिटं तुमच्या दुकानात आली नसती."

त्या बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. माफ केलं किंवा नाही केलं असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती हिशोबात पडली होती, की उद्यापासून सकाळी किती वाजता उठायला लागेल.

सभा संपल्यावर बऱ्हाटेबाईंनी शाळेच्या स्वयंपाकघराची किल्ली घेतली आणि पाच-सहा बायकांसोबत त्या मावशीच्या घराकडे गेल्या. केतकी मागे थांबली. त्या काय बोलल्या, मावशी काय म्हणाली, ते तिला कधीच कळलं नाही. अर्ध्या तासाने बऱ्हाटेबाई परत आल्या आणि ती किल्ली त्यांच्या हातात नव्हती.

केतकी सोमवारपर्यंत राहिली. मावशीच्याच घरी. मावशीने तिला अंथरूण दिलं, पाणी तापवून दिलं, मिहिकाची चौकशी केली आणि बाकी काही बोलली नाही. इनामदारबाईंनी केतकीला आणि निनादलाही मावशीचेच जिवाणू दिले होते. ते नुकते कुठे रुजत होते. अजून तिला मऊ आणि थोडं थोडंच खाता येत होतं.

सोमवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली. मटकीची उसळ आणि भात होता. मावशी पळी घेऊन वाढत निघाली तशी पोरं "मंदाआजी, मले! मंदाआजी, मले!" करून ताटल्या पुढे करू लागली. केतकी टोकाला भिंतीशी बसली होती. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं, पण जायलाही सांगितलं नव्हतं. मावशी तिच्यापाशी आली. तिने एका वाटीत चार घास भात आणि चमचाभर उसळ घेतली, ती बोटांनी चांगली कुस्करली आणि वाटी केतकीच्या पुढ्यात ठेवली.

शेजारी बसलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी ते बघत होती. तिच्या ताटलीत उसळीचा डोंगर होता. "आजी, ही एवढी मोठी बाई," ती म्हणाली, "आन एवढंसंच खाते?"

"तिचं पोट लहान आहे अजून," मावशी म्हणाली.

पोरं खदखदून हसली. ओळीतली पुढची पोरंही वाकून बघायला लागली. केतकीचे कान तापले. तिने मान खाली घातली आणि एकेक घास सावकाश चावून खायला सुरुवात केली. मावशी पुढे गेली नाही. पळी हातात धरून, पंगत खोळंबली होती तरी, वाटी रिकामी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.